बद्रीच्या लग्नातला तोंबकवाला

रहामीम आगांवर मी एकदा लिहिलं आहे. त्यांच्या शेवटच्या कार्यक्रमाच्या पुस्तिकेत ते पहिल्याच पानावर छापलं होतं, वर त्यांचा टाय लावलेला फोटो. लोकांनी ती पुस्तिका घरी नेऊन कपाटात जपून ठेवली आहे; भेटले की आवर्जून सांगतात. त्यात एकही ओळ खोटी नाही. फक्त जे लिहायला हवं होतं ते त्यात नाही, आणि ते न लिहिणारी मीच.

गेल्या शरदात, मेहेर महिन्यात, रहामीम आगा गेले. सात दिवसांचं सुतक संपल्यावर त्यांच्या बायकोने, ताऊसखानूमने, मला घरी बोलावलं, चहा पुढे ठेवला आणि म्हणाली, "ते होते तोवर तू त्यांचं ऐकलंस. आता माझं ऐक. घरी जा आणि सगळं लिही." तिच्यापुढे तोंड वर करून बोलायची माझी कधीच हिंमत झालेली नाही. तेव्हाही झाली नाही. म्हणून हे लिहिते आहे.

माझं नाव फख्रुस्सादात, सगळे फख्रीखानूम म्हणतात. मूळची इराणमधल्या शिराझची, आता लॉस एंजेलिसला व्हॅलीत राहते. बारा वर्षं मी ‘शिराझची दुपार’ नावाचा गाण्यांचा कार्यक्रम भरवत आले. दुपार अशासाठी, की आमच्या लोकांची वयं झाली, अंधारात गाडी चालवायला घाबरतात. आणि रविवार अशासाठी, की शुक्रवारी दिवे लागल्यापासून शनिवार मावळेपर्यंत रहामीम आगा वाद्याला हात लावत नसत. ते ज्यू होते. आमची गाणारी हास्मिक आर्मेनियन ख्रिश्चन, व्हायोलिनवाला बहाई, संतूर वाजवणारा माझ्यासारखा मुसलमान. मी त्या चौघांना रंगमंचावर असं मिरवायची, जशी काही ही एकी मीच घरी शिजवून आणली आहे. माईक हातात आला की माझं एक ठरलेलं वाक्य असे: "आमच्या शिराझमध्ये कुणी कुणाला धर्म विचारला नाही." हे वाक्य आलं की पर्समधले रुमाल बाहेर निघत. लोक रडायलाच तर तिकीट काढून येत होते. आपलं गाव आपण सोडलं, की गावाने आपल्याला, हे कुणालाच नीट ठरवता येत नव्हतं, आणि ज्याचं ठरत नाही त्याला गाणं बरं पडतं.

रहामीम आगा तोंबक वाजवत. लाकडाचं, मोठ्या पेल्याच्या आकाराचं वाद्य, एका तोंडाला कातडं. मांडीवर आडवं घ्यायचं आणि दहाही बोटांनी बोलकं करायचं. ते स्वतः मात्र फार बोलत नसत. बोलले तर असं काही बोलत, की समोरच्याला घरी गेल्यावर हसू येई. मोहरमचे दिवस जवळ आले की मला आठवण तेच करत. "फख्रीखानूम, तुमच्या इमामाचे दिवस आले. माझ्या बोटांना सुट्टी." एका वर्षी मी, सय्यदाची मुलगी, तारीख विसरून मोहरमच्या दहाव्या दिवशीचा हॉल ठरवून बसले होते. त्यांनी फोन करून म्हटलं, "मी त्या दिवशी आलो तर तुमचे वडील वरून बघतील ना. मला काही म्हणायचे नाहीत, बिचारे. तुमचं काय ते तुम्ही बघा." मी हॉल बदलला. माझ्या वडिलांचं नाव त्यांच्या तोंडून ऐकलं की मी विषय बदलत असे, आणि का बदलत असे ते मला एकटीलाच ठाऊक आहे असं मी समजत होते.

शिराझच्या ज्यू मोहल्ल्यात त्यांचा जन्म. गाणंबजावणं आमच्या धार्मिक घरांमध्ये पाप. पण लग्नात ते हवंच. म्हणून वाजवायला मोहल्ल्यातून माणसं बोलवायची: पाप त्यांच्या माथी, मजा आमची, असा सरळ हिशेब होता. त्यांचे वडील कमांचा, सारंगीसारखं गजाने वाजवायचं वाद्य, वाजवत. रहामीम आगा शिकले ते आईच्या तांब्याच्या परातीवर. आई तांदूळ निवडत असायची आणि हा पोरगा परातीच्या कडेवर बोटं मारायचा; तांदूळ उडायचे, आई फटका द्यायची, फटकाही तालात पडला की दोघं हसायची. हे सगळं पुस्तिकेत आहे. चाळीस वर्षांचे असताना, क्रांतीनंतर, देश सोडला तेही आहे. ताऊस आणि कडेवरची मुलगी घेऊन बलुचिस्तानच्या वाळवंटातून पाकिस्तानात, तिथून इकडे. सरहद्द ओलांडून देणाऱ्या माणसाने सांगितलं, एक तर पाण्याचा डबा घ्या नाहीतर ते वाद्य घ्या. तोंबक तिथेच एका मेंढपाळाच्या अंगणात राहिला. इथे आल्यावर बावीस वर्षं एका धुलाईच्या दुकानाच्या मागच्या खोलीत लोकांच्या पँटी आखूड केल्या. "तुमच्या अर्ध्या श्रोत्यांच्या पायांची लांबी मला पाठ आहे," म्हणत.

मला ते भेटले बेकरीत. सांगक रोटीची रांग होती, पुढचा माणूस काचेच्या काउंटरवर बोटं वाजवत होता. मी चेहरा पाहिलाच नाही. डाव्या हाताची करंगळी बाहेरच्या बाजूला वाकडी होती, आणि ती करंगळी मी ओळखली. बत्तीस वर्षांपूर्वी ती मी एका हाताच्या अंतरावरून पाहिली होती. खरं तर तिथेच म्हणायला हवं होतं, आगा, मी अमुक. मी काय म्हटलं? "माफ करा आगा, आपण वाजवता का?" जशी आयुष्यात पहिल्यांदाच पाहते आहे. ते वळले, क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "बायको म्हणते वाजवतो. शेजारी म्हणतात त्रास देतो." मी त्यांना कार्यक्रमात घेतलं. गाडीत बसल्यावर वाटलं, देवानेच सोय केली. या माणसाशी मी इतकी चांगली वागेन, की जे झालं ते आपोआप भरून निघेल. बोलायची हिंमत नव्हती म्हणून चांगुलपणा करत सुटले. बारा वर्षं केला.

जे झालं ते असं.

बद्री माझी थोरली बहीण. तिच्या लग्नात मी चौदा वर्षांची होते. आमची आजी सोवळ्याची कडक. वडील कापडाचे व्यापारी, मनातून गाण्याचे शौकीन. अंगणातल्या हौदावर फळ्या टाकून, वर गालिचा अंथरून वाजवणाऱ्यांची बैठक केली होती. तिघं आले होते. त्यांचे चहाचे पेले वेगळे, बाहेरच्या कोनाड्यात ठेवलेले. आम्हाला त्यात काही वेगळं वाटायचंही नाही. चपला दाराबाहेर तसे ते पेले कोनाड्यात. आजीचा नियम असा, की परधर्माच्या माणसाचा कोरडा स्पर्श चालतो, ओला चालत नाही. ओल्यातून विटाळ चढतो. म्हणून पावसाच्या दिवशी त्यांच्यातल्या शहाण्या माणसाने आमच्या गल्लीत पाऊल टाकू नये असं ती म्हणायची, आणि ते टाकतही नसत.

वसंतातला दिवस, ऊन पडलं होतं. दुपारी अचानक आभाळ भरून आलं आणि सर कोसळली. पाहुणे धावत पाच दारांच्या मोठ्या खोलीत शिरले. मला काचेच्या दारापाशी पंचे देऊन उभं केलं होतं. वाजवणाऱ्यांपैकी दोघं फाटकाच्या कमानीखाली पळाले. तिसरा पायऱ्या चढून माझ्यापर्यंत आला. पंचविशीचा पोरगा. अंगातला कोट काढून त्याने तोंबकला गुंडाळला होता, स्वतः शर्टावर निथळत होता. म्हणाला, "बाईसाहेब, मी बाहेरच थांबतो. एवढं फक्त आत ठेवा. कातडं भिजलं तर वाजायचं नाही." आणि दोन्ही हातांनी ते गाठोडं पुढे केलं. तेव्हा ती करंगळी दिसली.

मी म्हणाले, "तेही ओलं आहे." आणि दार लावून घेतलं.

मला कुणी सांगितलं नव्हतं. आजी वरच्या खोलीत होती. वडील दहा पावलांवर होते. विचारलं असतं तर कदाचित घे म्हणाले असते. मी विचारलं नाही. दार लावताना मला काय वाटत होतं ते आजही लख्ख आठवतं, आणि तेच सांगायला सर्वांत जड जातं. मला मोठं झाल्यासारखं वाटत होतं.

काचेतून दिसत होतं. नारिंगाच्या झाडाखाली तो त्या वाद्यावर वाकून बसला, पाठ पावसाला देऊन. सर थांबली तेव्हा वडिलांनी वाजवायला बोलावलं. कमांचा सुरू झाला, पण तोंबकमधून ओल्या पोत्यावर मारल्यासारखा आवाज येई. कुणीतरी म्हणालं, "भोपळा आणला वाटतं." शंभर माणसं हसली. मी पण हसले. वडिलांनी हात हलवून पुरे म्हटलं, आणि ते तिघं निघून गेले.

आता कुणी म्हणेल, लहान होतीस, घरातलं वळण तसं होतं. मीही स्वतःला तेच सांगून पाहिलं. पण बेकरीत भेटल्यावर पहिल्याच वर्षी ताऊसखानूमने मला जेवायला बोलावलं. गोंदी केली होती, चण्याच्या पिठाचे आणि कोंबडीच्या खिम्याचे गोळे, रश्शात सोडलेले. मी दोन खाल्ले, तिसरा मागून घेतला, तोंड भरून कौतुक केलं. घरी आले आणि भानावर आले तेव्हा स्वयंपाकघरातल्या नळाखाली कोपरापर्यंत हात धूत होते. एकदा नाही, तीनदा. शेहेचाळीस वर्षांची बाई, कॉलेजात शिकलेली, माईकवर एकीच्या गप्पा मारणारी. नळ बंद केला आणि तिथेच जमिनीवर बसून राहिले. त्या दिवशी कळलं, की ती दार लावणारी पोरगी कुठे गेलेली नाही.

बाराव्या वर्षी रहामीम आगांची बोटं सुजायला लागली. डॉक्टर म्हणाले, बंद करा. मग आम्ही वसंतात, उर्दिबेहेश्त महिन्यात, त्यांचा निरोपाचा कार्यक्रम ठरवला. आणि मी मनाशी ठरवलं, की आता माफी मागायची. तीही खोलीत कानाशी नाही, सगळ्यांसमोर. हसले होते ते सगळ्यांसमोर, तर माफी कोपऱ्यात का? एका कागदावर चार ओळी लिहिल्या. पहिलीत लग्न, दुसरीत पाऊस, तिसरीत दार, चौथीत माफी.

त्याआधी पुस्तिकेसाठी म्हणून त्यांच्याकडे गेले. ते खिडकीपाशी बसून संत्री सोलत होते. परात, आई, वाळवंट, पँटी, सगळं सांगितलं. शेवटी मी धीर करून माझ्या माहेरच्या मोहल्ल्याचं नाव काढलं. "आगा रहामीम, संगेसियाह मोहल्ल्यात कधी लग्नाला वाजवलं होतंत?"

स्वयंपाकघरात ताऊसखानूमची भांडी वाजत होती, ती थांबली.

"खूप लग्नं वाजवली, फख्रीखानूम. कुणाचं लग्न, कुठली गल्ली, आता कुणाला आठवतं. नवरी सुखात असली म्हणजे झालं." आणि संत्र्याची फोड माझ्यापुढे केली.

"सगळे लोक चांगले वागले तुमच्याशी?"

"लिहा ना, फार चांगले वागले म्हणून. लोक गावासाठी रडायला येतात. माझ्यासाठी कशाला रडवता?"

त्यांना आठवत नाही, असं मी धरून चालले. आणि खरं सांगते, जीव हलका झाला. त्या हलकेपणाची मला आज जास्त लाज वाटते.

कार्यक्रमाला चारशे माणसं आली. पहिला भाग सुरू व्हायच्या आधी त्यांची ओळख मला करून द्यायची होती. रहामीम आगा खुर्चीत बसले होते, मांडीवर तोंबक, ताऊसखानूम पडद्याच्या आडोशाला उभी. मी पुस्तिकेतलं वाचलं. परातीला लोक हसले, मेंढपाळाच्या अंगणाला रडले. मग मी चार ओळींचा कागद काढला.

"माझ्या बहिणीच्या, बद्रीच्या लग्नाला रहामीम आगा आमच्या घरी वाजवायला आले होते," मी म्हटलं. हॉलभर हुंकार उठला. किती जुनं नातं, असं कुणीतरी म्हणालं, टाळ्या पडल्या. "आणि ऐन रंगात पाऊस आला."

इथपर्यंत सगळं खरं. मी कागदाकडे पाहिलं. तिसऱ्या ओळीत दार होतं. मग समोर पाहिलं. पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्या बायका खुर्चीच्या कडेवर सरकून बसल्या होत्या, डोळे भरलेले. बारा वर्षं मी त्यांना जे शिराझ दिलं होतं त्याची वाट बघत होत्या. आणि माझी जीभ वळली.

"माझे वडील स्वतः बाहेर गेले," मी म्हटलं. "यांचा हात धरून यांना तसंच ओल्या अंगाने आत आणलं, आपल्या शेजारी बसवलं, आपल्या पेल्यातून चहा दिला. यांचा तोंबक आमच्या शेगडीवर सुकवला. असं होतं आमचं शिराझ."

माणसं उभी राहिली. एवढ्या टाळ्या मला जन्मात मिळाल्या नव्हत्या. मी रहामीम आगांकडे बघूच शकत नव्हते. पण ते हाताने माईक मागत होते. आठवत नाही म्हणाले होते ते, तरी आता हे सगळं सांगणार असं मला वाटलं. माईक दिला.

ते म्हणाले, "खरं आहे. यांच्या वडिलांनी मला शेजारी बसवलं. तसा चहा मी पुन्हा प्यालो नाही." आणि वाजवायला सुरुवात केली. सुजलेल्या बोटांनी काय वाजवलं ते विचारू नका. मी विंगेत उभी राहून ओठ चावत होते.

मध्यंतर झालं तशी मी मागच्या खोलीत गेले आणि दार लोटून घेतलं. ते बूट काढून बसले होते. ताऊसखानूम त्यांची बोटं एकेक करून चोळत होती.

"आगा रहामीम, मी खोटं बोलले," मी म्हटलं.

"तुम्ही शिष्टाचार पाळलात, मीही पाळला. झालं."

"शिष्टाचार कसला, मेला," ताऊसखानूम बोटं चोळतच म्हणाली. "फख्री, माझ्या लग्नाला तेव्हा महिना झाला होता. हा माणूस चिंब होऊन घरी आला आणि वीस दिवस तापाने फणफणला. मी नवी नवरी, उशाशी बसून रडत होते, आणि हा बरळत होता, एवढं फक्त आत ठेवा, एवढं फक्त आत ठेवा. कोण ठेवत नाहीये ते मला तेव्हा कळलं नाही. मागाहून सांगितलं."

मी विचारलं, "म्हणजे तुम्हाला मी कोण ते…"

"बेकरीतच," रहामीम आगा म्हणाले. "आवाजावरून. तुमचा आवाज बदलला नाही, थोडा जाड झालाय."

"घरी येऊन काय म्हणाला माहीत आहे?" ताऊसखानूम म्हणाली. "त्या दारातल्या पोरीला चष्मा लागला. मी म्हटलं, जा, तोंडावर विचार तिला. तर म्हणतो, लाजेने मरेल ती, मग कार्यक्रम कोण करणार?"

बारा वर्षं. बारा वर्षं मी त्यांच्यासमोर माईकवर सांगत होते, की आमच्या शिराझमध्ये कुणी कुणाला धर्म विचारला नाही, आणि ते मान खाली घालून कातडं चाचपत बसायचे. मला वाटायचं, वाद्य लावताहेत. मी त्यांच्या पायांशी बसले. अशी लाज कधी वाटली नव्हती. अंगावरचं कातडं सोलून ठेवावंसं वाटत होतं.

"आत्ता बाहेर जाते," मी म्हटलं, "आणि माईकवर सगळं खरं सांगते. दार मी लावलं, हेही सांगते."

"सांग," ताऊसखानूम म्हणाली.

"नको," रहामीम आगा म्हणाले.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग ते माझ्याकडे वळले. नेहमीचं मिश्कील काही त्या चेहऱ्यावर नव्हतं. एक थकलेला म्हातारा माणूस होता.

"फख्रीखानूम, चव्वेचाळीस वर्षं मी त्या पायरीवर उभा होतो. हा गेला, तो गेला, देश गेला, मी आपला तिथेच. आज तुम्ही दार उघडलंत. खोटं का होईना, चारशे माणसांनी मला आत जाताना पाहिलं. आत्ता कुठे बसलोय. आता मला उठवू नका."

मी म्हटलं, "तुमची इच्छा."

आमच्या लोकांत ‘नको’ म्हणजे नको नसतं. पाहुणा चहाला नको म्हणतो, आपण आग्रह करायचा. पुन्हा नको म्हणतो, पुन्हा करायचा. तिसऱ्यांदा तो घेतो. दुकानदारसुद्धा आधी दोनदा राहू दे म्हणतो आणि मग पैसे घेतो. आयुष्यभर मी साध्या केकच्या तुकड्यासाठी लोकांना हाताला धरधरून आग्रह केला आहे. त्या दिवशी त्या माणसाचं ‘नको’ खरं होतं, की नेहमीसारखं मला वाचवायला म्हटलेलं होतं, हे मला आजही माहीत नाही. माहीत करून घ्यायची रीत होती. अजून दोनदा विचारायचं होतं. मी एकदाच विचारलं, कारण ते उत्तर माझ्या सोयीचं होतं. ताऊसखानूमने ते पाहिलं, आणि पुन्हा बोटं चोळायला लागली.

घंटा झाली. मी बाहेर येऊन माईकसमोर उभी राहिले. पहिल्या रांगेतली एक म्हातारी, शिराझचीच, काठी टेकून उठली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "पोरी, तुझ्या वडिलांच्या कबरीवर नूर बरसो. असे बाप राहिले नाहीत."

मी छातीवर हात ठेवून मान लववली, आभार मानले आणि पुढच्या गाण्याचं नाव सांगितलं.